वेलांटीबाई आणि आम्ही अकरा जण

माझी आत्या चुका काढून पोट भरायची. दुसऱ्यांच्या. हे मी तिसरीत असताना वर्गात उभं राहून सांगितलं तेव्हा बाईंना वाटलं, मी घरातली भांडणं चव्हाट्यावर आणतेय. पण तिचं कामच ते होतं. ती मुद्रितशोधक होती. छापायच्या आधी मजकूर वाचायचा, काना-मात्रा जागच्या जागी आहेत का बघायचं, नावं, तारखा, आकडे पडताळायचे आणि चूक दिसली की कागदाच्या समासात लाल खूण करायची. पस्तीस वर्षं तिनं एका दैनिकात हे केलं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छापखान्यात जायला लागली. गल्लीत सगळे तिला वेलांटीबाई म्हणायचे, अगदी तोंडावर. तिची हरकत नव्हती. म्हणायची, "म्हणा, पण लिहाल तेव्हा 'टी'ला दुसरी वेलांटी द्या."

ती आमच्याकडेच राहायची, पुढच्या खोलीत. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. खोलीत एक पलंग, खिडकीशी टेबल, शब्दकोशांची चळत आणि भिंतीवर तिच्या पक्षाचं कॅलेंडर. ते कॅलेंडर दरवर्षी बदलायचं, पक्ष कधीच बदलला नाही. पक्षाच्या वॉर्ड समितीवर ती बावीस वर्षं होती. निवडणूक आली की पायात कापडी बूट घालून दारोदार फिरायची आणि परत आली की वडिलांकडून गुडघ्यांना मलम चोळून घ्यायची. वडील चोळता चोळता तिच्या पुढाऱ्यांना शिव्या द्यायचे. ती म्हणायची, "दे शिव्या, पण डावा गुडघा राहिलाय."

मी विसाव्या वर्षी नेमकी तिच्या उलट बाजूला जाऊन बसले. कॉलेजात आम्ही एक संघटना काढली होती. संघटना हे मोठं नाव. होतो अकराच, राखीव गडीसुद्धा नव्हता. आमचा म्होरक्या सहा फूट दोन इंच होता, म्हणून लांब्या. त्याच्या आवाजाला माईक लागायचा नाही आणि त्याच्या रागाला कारण. आमच्या लेखी शहरातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ एकच होतं: आत्याचा पक्ष, जो अकरा वर्षं नगरपालिकेत ठाण मांडून होता.

घरी जेवताना आमची जुंपायची. वडिलांनी नियम केला होता, ताटावर राजकारण नको. मग आम्ही दोघी पटापट जेवायचो आणि हात धुऊन भांडायला बसायचो. मी तिला म्हणायचे, "तुझ्या डोळ्यांवर झापड आहे." ती म्हणायची, "तुझ्या डोळ्यांवर काहीच नाही, म्हणून धूळ जाते." पुढं पुढं मला कंटाळा आला. ही बाई बदलायची नाही, असं ठरवून मी बोलणंच कमी केलं. तिला ते लागलं असणार. पण तिनं दाखवलं नाही.

त्याच वर्षी नगरपालिकेनं ठरवलं की कॉलेजशेजारचं मुलींचं हॉस्टेल पाडायचं आणि तिथं गाड्या लावायला पाच मजली इमारत उभी करायची. आम्ही पेटलोच. कॅन्टीनच्या टेबलावर बसून एका दमात पत्रक लिहिलं. लांब्या सांगत होता, मी उतरवत होते, बाकीचे नऊ जण टेबलावर मुठी आपटत होते. छापायचं कुठं? परवडेल आणि दोन दिवसांत देईल असा छापखाना एकच होता, आमच्या गल्लीतला. आणि त्या छापखान्याच्या मालकाचा एक नियम होता: कोपऱ्यात वेलांटीबाईंची सही असल्याशिवाय कागद मशीनवर चढायचा नाही.

लांब्या दारातच म्हणाला, "मेलो. तुझी आत्या फाडून टाकेल हे."

आत शाईचा आणि गरम यंत्राचा वास होता. कागदांच्या रिमांच्या दोन भिंतींमध्ये तिचं टेबल. तिनं चष्मा पुसला, पत्रक पुढ्यात घेतलं आणि पट्टी एकेका ओळीखाली सरकवत वाचू लागली. मला तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं वाटत होतं. तिचा चेहरा कोरा होता, दवाखान्यात डॉक्टरांचा असतो तसा.

"येत्या 'कामगार दीनी' मोर्चा," तिनं वाचलं. "कामगार दीन आहेच बाळांनो, त्याबद्दल वाद नाही. पण मोर्चा दिवसा काढायचाय ना? मग 'दि' ऱ्हस्व."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. लांब्याचे कान लाल झाले.

"आता हे. 'नगरपालिकेने तीनशे मुलींना रस्त्यावर फेकले.' तीनशे कुणी मोजल्या?"

"असतील की तेवढ्या," मी म्हणाले.

"असतील की मोजल्या?"

"नाही मोजल्या."

"आणि फेकले म्हणजे? आज त्या झोपतात कुठं?"

"हॉस्टेलमध्येच. पण सत्र संपलं की काढणार आहेत."

"मग 'काढणार आहे' लिहा. जे अजून घडायचंय त्याला भूतकाळ कसला लावता?"

मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हणाले, "तू तुझ्या पक्षाला वाचवतेयस, आत्या. सरळ सांग ना."

छापखान्याचा मालक कटिंग मशीनपाशी थांबला. आत्यानं पट्टी खाली ठेवली.

"पक्षाला वाचवायचं असतं तर सही करून दिली असती," ती म्हणाली. "हे असंच्या असं बाहेर पडलं असतं तर उद्या आमचा चिटणीस चौकात उभा राहून म्हणाला असता, तीनशे मुली दाखवा. तुम्ही दाखवू शकला नसता. मग गावभर चर्चा त्या आकड्याची, आणि हॉस्टेल गेलं उडत. मला तुमचं म्हणणं पटत नाही. पण ते तुम्ही धड मांडलंत तर मला त्याच्याशी भांडता तरी येईल."

तिनं पत्रक परत दिलं. अकरा ओळींच्या मजकुरात सात ठिकाणी समासात लिहिलं होतं: 'पुरावा?'

बाहेर येऊन लांब्यानं तिला यथेच्छ नावं ठेवली. मग म्हणाला, "चला, मोजू या."

आम्ही मोजलं. खोल्या चौऱ्याऐंशी, एका खोलीत दोघी, म्हणजे एकशे अडुसष्ट मुली. नगरपालिकेच्या कारकुनाच्या टेबलापुढं तीन दिवस ताटकळून ठरावाची प्रत मिळवली. नोटिशीवरची तारीख लिहून घेतली. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच आम्हाला आमचंच म्हणणं नीट कळत होतं. आठवड्यानं परत गेलो तेव्हा सातातले सहा 'पुरावा?' खोडले गेले. एक राहिला. आम्ही लिहिलं होतं, 'मुलींना दिलेली पर्यायी इमारत राहण्याच्या लायकीची नाही.'

"हे चूक आहे," आत्या ठामपणे म्हणाली. "नगरपालिकेचा अहवाल आहे. इमारत सर्व सोयींनी युक्त आहे. त्या अहवालाचं प्रूफ मी स्वतः वाचलंय."

लांब्या वाकला. टेबलावर दोन्ही हात टेकवून, पण आवाज न चढवता म्हणाला, "आत्या, प्रूफ वाचलंत. इमारत बघितलीत?"

तिनं चष्मा काढला, पुन्हा घातला.

"उद्या सकाळी आठला," ती म्हणाली. "बसस्टॉपवर. जो उशीर करेल त्याच्यासाठी थांबणार नाही."

दोन बस बदलल्या. शेवटच्या थांब्यावर उतरून पंचवीस मिनिटं चाललो. आत्या तेव्हा अडुसष्ट वर्षांची. पायात तेच प्रचाराचे बूट, खांद्याला पिशवी. रस्त्यात सावलीचं नाव नव्हतं. लांब्यानं पिशवी मागितली, तिनं दिली नाही. थोड्या वेळानं स्वतःच त्याच्या हातात दिली.

इमारत लांबून झकास दिसत होती. तीन मजले, नवा कोरा रंग. पहारेकऱ्यानं आत्याच्या समितीचं ओळखपत्र बघून आत सोडलं. खोल्या हवेशीर होत्या. आत्या माझ्याकडे बघून भुवया उंचावायची, बघ म्हणून. मग आम्ही न्हाणीघरात गेलो. भिंतीला पांढऱ्याशुभ्र फरश्या, चकचकीत नळ. तिनं एक फिरवला. काही नाही. दुसरा फिरवला. तिनं पदर खोचला, जमिनीवर उकिडवी बसली आणि बेसिनखाली डोकं घातलं. नळाचा पाइप भिंतीपर्यंत पोचतच नव्हता. चार बोटं अलीकडे संपला होता, कापलेल्या दोरीसारखा.

मला वाटलं, झालं, आता निघू. पण ती पुढच्या न्हाणीघरात गेली. मग वरच्या मजल्यावर. जिन्याला अजून कठडा नव्हता. लांब्या तिच्या मागच्या पायरीवर दोन्ही हात पसरून चढत होता, ती पडली तर झेलायला. तिन्ही मजल्यांवरचे बेचाळीस नळ तिनं स्वतः फिरवले. एकाही नळातून थेंब आला नाही.

"आत्या, एक बघून कळलं असतं," लांब्या म्हणाला.

"एक बघून 'सर्व' लिहायचं?" ती धापा टाकत म्हणाली. "मग तुमच्यात आणि त्या अहवालात फरक काय राहिला?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. मग ती बोलू लागली, माझ्याशी नव्हे, लांब्याशी. म्हणाली, ती तिशीत असताना दैनिकाच्या मालकानं एका सकाळी प्रूफ खात्यातल्या सातही बायकांना फाटकातच अडवलं. उद्यापासून यायचं नाही. त्या फाटकापुढं बसल्या. लोक बघून पुढं जायचे. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा माणूस येऊन त्यांच्या शेजारी बसला. तो या पक्षाचा तेव्हाचा अध्यक्ष. एकोणीस दिवस रोज येऊन बसला. बाविसाव्या दिवशी फाटक उघडलं.

"त्याला माझं नावही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आणि मला वाटत होतं, आता घरी बसावं लागणार. नवरा गेलेला, भाऊ शिकणारा. बस, तेव्हापासून मी पक्षाची."

मी तिच्यासोबत वीस वर्षं राहिले होते. एकोणीस दिवस मला कुणी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

लांब्यानं स्वतःचे बूट निरखत निरखत सांगितलं की त्याची धाकटी बहीण त्या हॉस्टेलमध्ये राहते. हॉस्टेल गेलं तर बाबा तिला गावी परत नेणार. तिचं शिक्षण तिथंच संपणार. हे आम्हा दहा जणांनाही ठाऊक नव्हतं.

"हे पत्रकात का नाही?" आत्यानं विचारलं.

"घरचं कसं लिहायचं?"

"नाव नको घालूस. पण हे लिही. तीनशे, फेकले, चिरडले, हे शब्द काय, कुणीही लिहितो. हे तुलाच लिहिता येईल."

उरलेला रस्ता ती दोघं त्या एका वाक्यावर खल करत होती. 'थांबेल' लिहायचं की 'संपेल'. दोघं एकमेकांवर वैतागत होती आणि आजूबाजूचे प्रवासी टकामका बघत होते. मी मागच्या सीटवर बसून हसू दाबत होते.

पत्रक छापून झालं. एकशे अडुसष्ट मुली, बेचाळीस नळ, दोन बस आणि पंचवीस मिनिटं पायी. एकही शिवी नव्हती. कोपऱ्यात तिची सही.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्याच्या मागच्या खोलीत उरलेले गठ्ठे बांधत होते तेव्हा चिटणीस आला. हा आत्याच्या पक्षाचा वॉर्ड चिटणीस, पंचेचाळिशीचा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. त्यानं स्वतःचं पत्रक आणलं होतं, आमच्या पत्रकाला उत्तर म्हणून. आत्यानं ते मोठ्यानं वाचलं. 'बाहेरच्या शक्तींच्या इशाऱ्यावर नाचणारी अकरा टाळकी.' मग लाल पेन्सिलीचा आवाज आला.

"हे काय लिहिलंत, बाई?" चिटणीसानं विचारलं.

"पुरावा मागितलाय. कोणत्या शक्ती? त्यातलं एक टाळकं माझ्या घरात जेवतं. त्याच्या मागे कुणी बाहेरचं असतं तर निदान मला कळलं असतं."

"बाई, तुम्ही नक्की कुणाच्या?"

"पक्षाची. म्हणूनच सांगतेय, पोरांना खोटं पाडायला जाऊ नका, तोंडघशी पडाल. नळ कोरडे आहेत. मी फिरवून आलेय. पाणी आणा, मग काय हवं ते छापा."

चिटणीस मालकाकडे वळला. "तुम्ही मशीन चालू करा हो. मी सांगतो."

मालक तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस. भांडणात कधी पडला नव्हता. तो तेल लावायच्या फडक्यानं हात पुसत राहिला आणि म्हणाला, "सही नाही तर मशीन नाही, साहेब. तुमच्या लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा घेतली होती."

वॉर्डाच्या बैठकीत आत्या आमचं पत्रक घेऊन गेली. तिथलं मी पाहिलेलं नाही, पण पुढं पाच जणांनी मला सांगितलं आणि पाचही जणांचं सांगणं जुळलं. ती उभी राहिली, पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि म्हणाली, "यातलं एक वाक्य खोटं दाखवा, मी माझं सभासदत्व इथं टेबलावर ठेवते." कुणी हललं नाही. मग ती म्हणाली, "आपण फाटकापुढं बसणाऱ्यांच्या बाजूला बसायचो. आता फाटक कुणाच्या ताब्यात आहे ते बघा."

आठ दिवसांत तिला समितीवरून काढल्याचं पत्र आलं. बावीस वर्षांनंतर चार ओळी. मी ते तिच्या आधी वाचलं आणि मला रडू फुटलं. तिनं माझ्या हातून घेतलं, चष्मा लावला आणि पेन्सिल शोधू लागली. पत्रात 'समीती' लिहिलं होतं, तीन वेळा. तिन्ही ठिकाणी तिनं 'मी'ची दुसरी वेलांटी खोडून पहिली दिली, खाली लिहिलं, 'दुरुस्तीनंतर मान्य', सही केली आणि ते पत्र परत पाठवलं.

रात्री मात्र तिच्या खोलीचं दार बंद होतं. वडील मलमाची डबी घेऊन गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. म्हणाले, "गुडघे बरे आहेत. बाकी विचारू नकोस."

हॉस्टेलच्या प्रश्नावर नगरपालिकेनं सुनावणी ठेवली. तिला आम्ही अकरा जण इस्त्री केलेले कपडे घालून गेलो. लांब्या चारचौघांत पहिल्यांदाच न ओरडता बोलला. आत्याच्या पक्षाच्या चार नगरसेवकांनी आमच्या बाजूनं हात वर केले. ठराव झाला, नव्या इमारतीत पाणी येईपर्यंत आणि थेट बस सुरू होईपर्यंत हॉस्टेलला हात लावायचा नाही. सगळं जिंकलो असं नाही. चौदा महिन्यांनी पाणी आलं, बस आली, आणि हॉस्टेलचा पुढचा निम्मा भाग पाडलाच. मागचा अजून उभा आहे. लांब्याच्या बहिणीनं शिक्षण पुरं केलं. ती आता त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

त्या सुनावणीनंतर दर शनिवारी दुपारी आमच्यातलं कुणी ना कुणी छापखान्यात जायचं. पत्रक असलं तर पत्रक घेऊन, नसलं तर वाद घालायला. काही महिन्यांनी आत्याच्याच पक्षातली तीन तरुण पोरं लाजत लाजत आली, त्यांचा मसुदा घेऊन. त्यांनाही तिनं तसंच सोललं. एकाच बाकावर बसून दोन्हीकडची पोरं आपापल्या कागदावरच्या लाल खुणा मोजायची आणि ज्याच्या जास्त तो चहा सांगायचा. एकदा लांब्या आणि त्या तिघांतला एक इतके हातघाईवर आले की मालकानं रिमांच्या आडून डोकं काढलं. आत्या म्हणाली, "भांडा. फक्त आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून दाखवा." दोघांनाही ते येईना.

पुढच्या निवडणुकीत तिनं पुन्हा बूट चढवले आणि पक्षाच्या प्रचाराला निघाली. लांब्या घरी येऊन थयथयाट करू लागला. "इतकं झालं, तुम्हाला काढलं, तरी त्यांनाच मत?"

"काढलं समितीवरून. पक्षातून मी गेलेली नाही, आणि मी त्यांना सुखासुखी वाट सोडू देणार नाही," ती म्हणाली. "घर बिघडलं तर मी आतून ठोकाठोक करणार. तुला नवं बांधायचंय तर बांध. पाया खणशील तेव्हा मला बोलव, तो वाकडा आहे की सरळ तेवढं मी सांगेन."

तो चिडून निघून गेला. शनिवारी परत आला.

आत्या आता एकोणऐंशी वर्षांची आहे. मी बत्तिसाव्या वर्षाकडे झुकलेय आणि अजून तिच्या पक्षाला मत देत नाही. गेल्या खेपेला मतदानाला आम्ही दोघी एकत्र गेलो. ती माझ्या दंडाला धरून, हळूहळू. रांगेत कुणीतरी खुर्ची दिली तर तिनं ती मागच्या गरोदर बाईला देऊन टाकली. केंद्राबाहेर दोन्ही पक्षांची टेबलं होती. तिनं तिच्या टेबलावरून नावाची चिठ्ठी घेतली, मी माझ्या. तिच्या टेबलावरच्या एका नव्या कार्यकर्त्यानं आम्हाला बघून डोळे मिचकावले आणि विचारलं, "काय वेलांटीबाई, घरात फूट?"

मी काही बोलणार होते, पण तिला मदतीची गरज नव्हती.

"फूट कसली," आत्या म्हणाली, "आमच्या घरात दोन मतं आहेत. तुमच्याकडे किती?" आणि माझा दंड घट्ट धरून ती आत शिरली.